वाचकांचे प्रश्न : न खेळलेली चाल काय सांगते?

नियम कोणीही न सांगता, केवळ खेळ पाहून ते ओळखता येतात का, या प्रश्नाशी निगडित असलेली पाच पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रांचा आशय थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : माझी नात जर्मनीत वाढली आहे. सुट्टीत ती आमच्याकडे आली तेव्हा दूरचित्रवाणीवर कबड्डीचे सामने चालू होते. घरात आजारी माणूस असल्यामुळे आम्ही आवाज बंद ठेवला होता आणि तिला नियमही कोणी सांगितले नव्हते. तरी काही सामन्यांनंतर तिने बरेच नियम स्वतः शोधून वहीत लिहिले. पकडीला कधी एक आणि कधी दोन गुण का मिळतात, हे मात्र तिला उलगडले नाही. एखाद्या खेळाचे सगळे नियम निव्वळ पाहून कळू शकतात का? — एक निवृत्त वाचक, सांगली

उत्तर : आपल्या नातीला जे जमले ते सोपे नव्हते, आणि जिथे ती अडली तिथे पुष्कळ मोठी माणसेही अडतील. केवळ पाहून बरेच नियम कळतात. पण सगळे कळले अशी खात्री केवळ पाहून कधीच मिळत नाही, आणि याचे कारण नियमांच्या स्वरूपातच आहे.

काही नियम परवानगी देतात, काही मनाई करतात. परवानगी एकदा घडलेली दिसली की सिद्ध होते. चढाईपटूने पायाने स्पर्श केला आणि त्याला गुण मिळाला, तर पायाचा स्पर्श चालतो हे त्या एकाच प्रसंगातून कळते. मनाईचे तसे नाही. मनाई असलेली गोष्ट घडत नाही, आणि न घडणाऱ्या गोष्टींना तर अंतच नाही. कोणताही चढाईपटू सबंध चढाई एका पायावर लंगडत करत नाही, दोन चढाईपटू एकदम निघत नाहीत, आणि झटापट सुरू होण्यापूर्वी कोणी कडेच्या राखीव क्षेत्रात पाय टाकत नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी सारख्याच, कारण तिन्ही त्याला दिसत नाहीत. प्रत्यक्षात पहिलीला नियमाची आडकाठी नाही, ती फक्त निरुपयोगी आहे. उरलेल्या दोन्हींना नियमाने बंदी आहे.

हा फरक ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे: जी चाल झाली नाही, ती केली असती तर करणाऱ्याचा फायदा झाला असता का? लंगडण्याने कोणाचाच फायदा होत नाही, म्हणून ते दिसत नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. आता राखीव क्षेत्राचे पाहा. तीन बचावपटूंनी कडेला कोंडलेल्या चढाईपटूच्या शेजारी, अवघ्या एका पावलावर, मोकळी पट्टी असते, तरी तो तिथे पाय टाकत नाही. पुढच्या एखाद्या चढाईत मात्र, एकदा स्पर्श झाला की, तोच खेळाडू त्याच पट्टीतून धावत मध्यरेषा गाठतो. फायदा उघड आहे, शरीराला ते अशक्य नाही, आणि तरीही स्पर्शापूर्वी ते घडत नाही. अशा वेळी न घडणे हा पुरावा होतो, आणि तो पुरावा मनाई आहे एवढेच नव्हे, तर ती कोणत्या क्षणी उठते हेही सांगतो.

या पुराव्याचे वजन किती, याचा एक साधा संख्याशास्त्रीय अंदाज आहे. एखादी गोष्ट घडण्याच्या संधी एकमेकींपासून स्वतंत्रपणे आल्या आणि ती एकदाही घडली नाही, तर तीनला संधींच्या संख्येने भागावे. ती गोष्ट घडण्याचे प्रमाण त्या उत्तरापेक्षा कमी आहे, असे सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. म्हणजे मोहाचे ३० प्रसंग येऊनही कोणी ते केले नाही, तर प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आहे. ३०० प्रसंगांनंतर ते १ टक्क्याच्या खाली येते. मात्र यात पाहिलेल्या सामन्यांची संख्या मोजायची नसून मोहाच्या प्रसंगांची मोजायची असते. शंभर सामने पाहूनही असा प्रसंग दोनदाच आला असेल, तर आपल्याजवळ दोनच निरीक्षणे आहेत.

आता दोन गुणांच्या पकडीविषयी. नातीने बहुधा पकडीतच कारण शोधले असेल: किती जणांनी धरले, पाय धरला की कंबर, मध्यरेषा किती दूर होती. कारण पकडीच्या बाहेर आहे. बचाव करणाऱ्या संघाचे तीन किंवा त्याहून कमी खेळाडू मैदानात असताना केलेल्या यशस्वी पकडीला एक गुण अधिक मिळतो. तिलाच अव्वल पकड म्हणतात. बोनस रेषेचेही तसेच. बचावात किमान सहा खेळाडू असतील तरच ती रेषा ओलांडण्याचा गुण मिळतो, आणि त्या गुणाने बाद झालेला खेळाडू परत येत नाही. तेव्हा सारखी कृती आणि वेगळे फळ असे दिसले की नजर कृतीवरून काढून भोवतालच्या परिस्थितीकडे वळवावी. तिने वहीत प्रत्येक चढाईपुढे दोन्ही संघांच्या खेळाडूंची संख्या लिहिण्याचा रकाना वाढवला, तर दोन्ही नियम तिला स्वतःच सापडतील, असे मला मनापासून वाटते.

एक नियम मात्र तिला या परिस्थितीत सापडणे शक्यच नव्हते. चढाईपटूने ‘कबड्डी, कबड्डी’ असा उच्चार अखंड करायचा असतो, आणि आवाज बंद होता. तरीही त्या नियमाची सावली चित्रात पडते. क्वचित एखादा चढाईपटू कोणी न धरता आणि रेषेबाहेर न जाताही पंचांकडून बाद ठरतो. ज्या घटनेचे स्पष्टीकरण आपल्या यादीतील एकाही नियमाने होत नाही, ती अपवाद म्हणून सोडून न देता वेगळी टिपून ठेवावी. न दिसणाऱ्या नियमाचा माग अशा नोंदींतूनच लागतो.

आपल्या मूळ प्रश्नाचे गणिती उत्तरही उपलब्ध आहे. ई. मार्क गोल्ड यांनी १९६७ साली भाषा शिकण्याच्या संदर्भात एक सिद्धांत मांडला. शिकणाऱ्याला केवळ योग्य उदाहरणे दिसत असतील, अयोग्य काय हे कधीच सांगितले जात नसेल, आणि ज्यांतून निवड करायची त्या शक्यतांमध्ये मोजकीच उदाहरणे मान्य करणाऱ्या सर्व नियमावल्या आणि त्यांच्या जोडीला अमर्याद उदाहरणे मान्य करणारी निदान एक नियमावली असेल, तर प्रत्येक वेळी योग्य उत्तरावर येऊन स्थिरावेल अशी पद्धतच असू शकत नाही. कारण समजायला कठीण नाही. खरा नियम कडक असताना आपण सैल नियम गृहीत धरला, तर पुढे दिसणारा प्रत्येक डाव आपल्या सैल नियमातही बसतो आणि आपली चूक कधीच उघड होत नाही. उलट खरा नियम सैल असताना आपण कडक नियम धरला, तर कधी ना कधी एखादी चाल त्याच्या बाहेर जाते आणि आपल्याला सुधारता येते. म्हणून दोन तर्क तितकेच पटण्याजोगे असतील, तेव्हा आधी कडक तर्क धरावा. अर्थात ही सूचना टोकाला नेली, तर ‘मी जे पाहिले तेवढेच चालते’ असा निरुपयोगी निष्कर्ष उरतो, आणि म्हणूनच मोहाच्या प्रसंगांची मोजदाद तिच्या जोडीला लागते.

प्रश्न : क्यूबाचे बुद्धिबळपटू कापाब्लांका वडिलांचा खेळ नुसता पाहून बुद्धिबळ शिकले, असे माझ्या मुलाने वाचले. आता तोही नियमांचे पुस्तक बाजूला ठेवून ग्रँडमास्टरांचे डाव पाहूनच खेळ समजून घेणार म्हणतो. हे शक्य आहे का? — एक पालक, नागपूर

उत्तर : ही हकिकत होझे राउल कापाब्लांका यांनी स्वतः सांगितलेली आहे. त्यांचा जन्म १८८८ साली हवाना येथे झाला. पाच वर्षांचे होण्यापूर्वी त्यांनी वडिलांना एका गृहस्थांबरोबर बुद्धिबळ खेळताना पाहिले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी घोडा एका पांढऱ्या घरातून दुसऱ्या पांढऱ्या घरात नेला. समोरच्या गृहस्थांच्याही ते लक्षात आले नाही आणि वडील जिंकले. मुलाने मात्र लबाडी ओळखली आणि ती बोलून दाखवली. पुढे हाच मुलगा १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता होता.

या हकिकतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो घोड्याचा तपशील. ‘घोडा प्रत्येक चालीत घराचा रंग बदलतो’ असे वाक्य नियमांत नसते. नियम अडीच घरांचा आहे आणि रंग बदलणे हा त्याचा परिणाम. पाहणाऱ्याच्या हाती आधी असे परिणाम लागतात, आणि नियम मोडला गेला हे ओळखायला तेवढे पुरतात. दुसरी बाब वाचणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. कापाब्लांका यांच्याच म्हणण्याप्रमाणे वडील अगदी नवखे होते आणि समोरचे गृहस्थही त्यांच्याहून फार सरस दिसत नव्हते. म्हणजे मुलाच्या समोर कच्च्या खेळाडूंचा खेळ होता, आणि नियम ओळखण्यासाठी तोच अधिक उपयोगी पडतो.

ग्रँडमास्टरांचे डाव पाहणाऱ्याला पटावर मात झालेली क्वचितच दिसते, कारण मात होणार हे कळताच हरणारा डाव सोडतो. खेळाचा शेवट हस्तांदोलनाने होतो, एवढेच त्याला दिसेल. राजा मारला गेलेला तर त्याला कधीच दिसणार नाही. शह नसताना चालायला एकही चाल उरली नाही तर डाव बरोबरीत सुटतो, हा नियमही त्याला सहसा भेटणार नाही, कारण जाणकार खेळाडू बरेचदा त्याआधीच बरोबरी मान्य करतात. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचल्यावर जवळपास नेहमीच वजीर मागितला जातो. हत्ती, उंट किंवा घोडाही मागता येतो, हे कळायला फार डाव पाहावे लागतील. खेळाडू जितका निष्णात, तितका तो नियमांच्या सीमेपासून दूर, चांगल्या चालींच्या लहानशा प्रदेशात वावरतो, आणि मग नियम कोणता व शहाणपण कोणते हे बाहेरून वेगळे करता येत नाही.

तरीही राजाचे महत्त्व ग्रँडमास्टरांच्या डावांतूनही निश्चित ओळखता येईल, आणि ते पुन्हा न खेळलेल्या चालीवरूनच. शह बसला की पुढची चाल प्रत्येक वेळी तो शह मोडणारीच असते. त्यापायी वजीर मारला जाणार असला तरी खेळाडू वजीर जाऊ देतो, राजाला शहात सोडून वजीर वाचवत नाही. एवढा मोठा मोह प्रत्येक वेळी टाळला जातो, तेव्हा त्यामागे खेळाचा हेतूच आहे असे मानणे रास्त ठरते.

आपल्या मुलाला सर्वाधिक त्रास देतील ते स्मरणाचे नियम. किल्लेकोट करण्याचा हक्क राजा किंवा तो हत्ती पूर्वी हलला आहे का यावर अवलंबून असतो. एन पासाँ पद्धतीने प्यादे मारता येते ते प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्याने दोन घरांची उडी घेतल्यानंतरच्या लगतच्या चालीतच. ती संधी सोडली की हक्क गेला. त्यामुळे दोन पट हुबेहूब सारखे असूनही एकावर एखादी चाल वैध आणि दुसऱ्यावर अवैध असू शकते. केवळ स्थितीकडे पाहणाऱ्याला यात विसंगती दिसेल. प्रत्यक्षात नियम पटावर न दिसणारी गोष्ट लक्षात ठेवत असतो. तीच स्थिती तीनदा आली तर बरोबरीचा दावा करता येतो, किंवा प्याद्याची एकही चाल आणि एकही मार न होता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या तरी तो करता येतो, हे नियमही त्याच जातीचे आहेत.

म्हणून मुलाला प्रयोग करायचाच असेल, तर त्याने एखाद्या वर्गातील नवशिक्या मुलांचे डाव पाहावेत. तिथे चुका होतात, ‘ही चाल चालत नाही’ असे कोणीतरी म्हणते, आणि मनाई प्रत्यक्ष ऐकू येते. मात्र सगळे एकाच नियमाने खेळत आहेत ना, याची त्याने आधी खात्री करावी. आपल्याकडे घरोघरी चालत आलेल्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाते. ते डाव आंतरराष्ट्रीय नियमांच्या डावांत मिसळले, तर कितीही काळजीपूर्वक पाहूनही एकसंध नियमावली तयार होणार नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. निरीक्षण, तर्क आणि पडताळणी हे मुलांना प्रत्यक्ष अनुभवता येईल असा एखादा खेळ सुचवाल का? — एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : अवश्य. याच हेतूला साजेसा एक पत्त्यांचा खेळ आहे, पण त्याआधी एक जुना प्रयोग वर्गात करून पाहावा. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली तो प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना २, ४, ६ हे तीन आकडे एका गुप्त नियमात बसतात एवढेच सांगितले होते. त्यांनी स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, प्रत्येक वेळी ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ असे उत्तर मिळायचे, आणि खात्री झाली की नियम जाहीर करायचा. नियम होता: कोणतेही तीन चढत्या क्रमाचे आकडे. २९ जणांपैकी फक्त सहा जणांनी पहिल्याच घोषणेत तो बरोबर सांगितला. बाकीच्यांच्या मनात ‘दोन-दोनने वाढणारे’ असा काही कडक नियम बसला होता आणि ते ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असे, त्या नियमाला दुजोरा देणारेच आकडे सुचवत राहिले. १, २, १७ असे विचारण्याचे धैर्य केले असते तर गाठ सुटली असती.

वरील पहिल्या उत्तरात कडक तर्क आधी धरावा असे म्हटले आहे, आणि इथे कडक तर्कानेच घात केला, हे आपल्या विद्यार्थ्यांना विसंगत वाटेल. ती शंका त्यांनी काढली तर तिचे स्वागत करावे. नुसते पाहणाऱ्याला कडक तर्क परवडतो, कारण त्याची चूक खेळणारे लोक आज ना उद्या उघड करतात. ज्याला प्रश्न विचारण्याची मुभा आहे त्याने मात्र आपल्याच तर्काच्या कुंपणाबाहेरचा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो, नाहीतर ती चूक उघड करणारे दुसरे कोणीच नसते.

पत्त्यांचा खेळ म्हणजे ‘एल्युसिस’. रॉबर्ट ॲबट यांनी तो १९५६ साली तयार केला आणि मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरातून तो जगापुढे आणला. वाटणारा एक गुप्त नियम कागदावर लिहून ठेवतो. उदाहरणार्थ, ‘लाल पानानंतर काळे आणि काळ्यानंतर लाल’. खेळणारे आळीपाळीने एकेक पान पुढे टाकतात. नियमात बसलेले पान मुख्य ओळीत जाते. न बसलेले पान फेकले जात नाही, ते ज्या पानानंतर टाकले त्याच्या खाली ठेवले जाते. त्यामुळे नकारांचा सगळा इतिहास टेबलावर उघडा राहतो. या खेळातील मला सर्वांत आवडणारी कल्पना गुण देण्याच्या पद्धतीत आहे: नियम कोणालाच सापडला नाही किंवा सगळ्यांनाच सहज सापडला, तर वाटणाऱ्याचे गुण कमी होतात. काहींना सापडेल आणि काहींना नाही, असा नियम करणे त्याच्या हिताचे असते, आणि मुले असा नियम रचताना जितका विचार करतात तितका तो शोधतानाही करत नाहीत.

आपल्या वर्गासाठी माझी सूचना अशी. पहिल्या फेरीत नकार मिळालेली पाने झाकून ठेवा, फक्त मुख्य ओळ दाखवा, आणि प्रत्येक मुलाला आपला तर्क लिहायला सांगा. मग झाकलेली पाने उघडा. किती तर्क एका क्षणात कोसळतात आणि कोणते टिकतात, हे मुले स्वतःच मोजतील. ओळीत पुढचे पान कोणते येईल हे आधी सांगायला लावा. घडून गेल्यावर स्पष्टीकरण देणे कोणालाही जमते.

प्रश्न : संगणकाला नियम न सांगता केवळ डावांच्या नोंदी दिल्या, तर तो नियम खरोखर शिकतो की पाठ करतो? — संगणकशास्त्राचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : या प्रश्नावर थेट प्रकाश टाकणारे एक काम केनेथ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली केले. आठ गुणिले आठ घरांच्या पटावर खेळला जाणारा ऑथेल्लो हा खेळ त्यांनी निवडला. मजकुरातील पुढचा शब्द ओळखणारी प्रारूपे असतात तशाच एका प्रारूपाला त्यांनी फक्त चालींच्या घरांची नावे क्रमाने दिली. पट आहे, सोंगट्या उलटतात, खेळाडू दोन आहेत, यांपैकी काहीही सांगितले नाही. वैध चाली यदृच्छेने निवडून तयार केलेल्या सुमारे दोन कोटी डावांवर शिकलेल्या प्रारूपाने सुचवलेली चाल अवैध निघण्याचे प्रमाण ०.०१ टक्का होते. स्पर्धांतील सुमारे १ लाख ४० हजार डावांवर शिकलेल्या प्रारूपाचे ५.१७ टक्के होते. डावांच्या संख्येतच एवढी तफावत असल्यामुळे या फरकाचे सगळे श्रेय यादृच्छिक चालींना देता येणार नाही. पण नागपूरच्या पत्राला दिलेल्या उत्तराशी ते जुळणारे आहे: जिंकण्यासाठी खेळणारे लोक वैध चालींपैकी बऱ्याच चालींना हातच लावत नाहीत.

पाठांतराविषयीची शंकाही त्यांनी तपासली. ऑथेल्लोत पहिली चाल चार घरांपैकी एका घरात करता येते. त्यांपैकी एका घराने सुरू होणारे सगळे डाव शिकवणीतून वगळले, म्हणजे डावांच्या साऱ्या वृक्षाचा सुमारे चौथा भाग प्रारूपाने पाहिलाच नाही, तरी अवैध चालींचे प्रमाण ०.०२ टक्क्यांवरच राहिले. शिवाय प्रारूपाच्या अंतर्गत आकड्यांतून पटाची स्थिती वाचता आली, आणि ते आकडे मुद्दाम बदलल्यावर सुचवल्या जाणाऱ्या चालीही त्यानुसार बदलल्या. त्यामुळे ‘नुसते पाठांतर’ हे स्पष्टीकरण अपुरे पडते, असे माझे मत आहे. डीपमाइंडच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘म्यूझीरो’चे नाव या संदर्भात वारंवार घेतले जाते, पण ते वेगळे प्रकरण आहे. ती प्रणाली स्वतः खेळून आणि निकाल अनुभवून शिकते, आणि चालू स्थितीत कोणत्या चाली वैध आहेत हे तिला पुरवले जाते. तिला निव्वळ प्रेक्षक म्हणता येणार नाही.

प्रश्न : आमच्या भागातील एका जुन्या मंदिराच्या ओट्यावर नवकंकरीचा पट कोरलेला आहे. खेळणारे कोणीच उरले नसते, तर नुसत्या पटावरून नियम काढता आले असते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, आणि जे काढता आले असते तेही तुटपुंजे ठरले असते. चोवीस बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा पाहून सोंगट्या बिंदूंवर ठेवतात आणि रेषांवरून सरकवतात, एवढा तर्क करता येतो. प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या, तीन एका ओळीत आल्या की प्रतिस्पर्ध्याची एक उचलायची, हे दगडात कुठेच नाही. इराकमधील प्राचीन उर नगरीत लेनर्ड वूली यांना वीस घरांचे पट सापडले. ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्या खेळाविषयी आज जे काही सांगता येते, ते मुख्यतः ब्रिटिश म्युझियममधील अर्व्हिंग फिंकेल यांनी वाचलेल्या एका क्यूनिफॉर्म मृत्तिकापटामुळे, आणि तो इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला आहे. दोहोंमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर असल्यामुळे उरच्या राजघराण्यातील माणसे नेमकी तशीच खेळत होती असे म्हणता येत नाही.

खेळणारी माणसे असताना, त्यांची भाषा येत नसतानाही काय साधता येते, याचे उत्तम उदाहरण वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांचे आहे. १७३२ साली पंचविशीत असलेले लिनियस उत्तर स्कँडिनेव्हियातील लॅपलँडच्या प्रवासात होते. तिथल्या सामी लोकांना त्यांनी ‘तब्लुत’ नावाचा खेळ खेळताना पाहिले आणि त्याचा पट काढून दैनंदिनीत नियम लिहून ठेवले. पट नऊ गुणिले नऊ घरांचा. मध्यभागी राजा आणि त्याचे आठ रक्षक, भोवती सोळा हल्लेखोर. साऱ्या सोंगट्या बुद्धिबळातील हत्तीसारख्या सरळ चालतात आणि शत्रूला दोन बाजूंनी कोंडून मारतात. राजाला काठाकडे जाण्याची एक वाट मोकळी झाली की खेळाडू ‘राइची’ म्हणतो आणि दोन झाल्या की ‘तुइची’, हेही त्यांनी टिपले. उत्तर युरोपातील या जुन्या खेळांच्या कुळाविषयी जी तपशीलवार माहिती आज आहे, तिचा मोठा आधार ही दैनंदिनीच आहे.

पुढे जे घडले ते आपल्या विषयाला थेट लागू पडते. दैनंदिनी १८११ साली इंग्रजीत छापली गेली तेव्हा राजाला पकडण्याचा नियम बिघडला. राजाला सर्वत्र चारही बाजूंनी घेरावे लागते असा समज त्यातून रूढ झाला. तसे खेळून पाहणाऱ्यांना राजाचा पक्ष फारच सहज जिंकतो असे आढळले. मूळ नोंदीप्रमाणे राजा आपल्या मधल्या आसनावर असेल तर चार बाजूंनी, आसनालगत असेल तर तीन बाजूंनी आणि इतरत्र असेल तर दोनच बाजूंनी घेरल्यावर पकडला जातो. लोक पिढ्यान्‌पिढ्या जो खेळ आवडीने खेळत आले तो इतका एकतर्फी असण्याची शक्यता कमी, हा तर्क इथे उपयोगी पडला. नियमांची नवी मांडणी कोणीही सुचवली की ती खेळून पाहणे ही तिची पहिली कसोटी मानावी.

आपल्या भागात नवकंकरी, सारीपाट किंवा खड्ड्यांत बिया टाकून खेळण्याचे खेळ खेळणारी वडीलधारी माणसे अजून आहेत, तोवर त्यांचे नियम लिहून घ्यावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलाखत घेऊन विचारले तर माणसे आठवेल तेवढे सांगतात, आणि जे त्यांना अगदी स्वाभाविक वाटते ते सांगायचेच राहते. म्हणून त्यांना प्रत्यक्ष खेळायला बसवावे, शक्य तर एखाद्या अननुभवी नातवंडाबरोबर, आणि वाद झाला की तो शब्दशः टिपून घ्यावा: कोणती सोंगटी, कोणत्या बिंदूवर, कोण काय म्हणाले आणि शेवटी कोणाचे मानले गेले. तीन सोंगट्यांची ओळ मोडून लगेच तीच पुन्हा केली तर चालते का, ओळीत बसलेली सोंगटी उचलता येते का, तीनच सोंगट्या उरल्यावर कुठेही उडी घेता येते का, या मुद्द्यांवर गावोगावी रीत वेगळी असू शकते. दोन आजोबांचे एकमत झाले नाही, तर दोन्ही रीती नावगाव न घालता, पण परिसराच्या उल्लेखासह स्वतंत्र लिहाव्यात; त्यांची सरासरी काढून एक ‘खरा’ नियम ठरवण्याचा प्रयत्न करू नये. अशी टिपणे आमच्याकडे पाठवल्यास पुढील अंकांत त्यांना जागा देऊ.